टीमक्सच्या आधीचा मल्टिप्लेक्सर

परवा शेअर केलेल्या टीमक्स सेशनमध्ये माझं टोकन स्क्रीनवर छापलं गेलं. घाईत कंट्रोल-एल मारलं. वर स्क्रोल केलं तर ते तिथेच! कंट्रोल-बी, कोलन, क्लिअर-हिस्टरी, तेव्हा गेलं. (टोकन बदललंच म्हणा.)

या मल्टिप्लेक्सिंगमधले आपले पूर्वज एमिल बोदो. फ्रान्समध्ये १८४५ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मले, १८६९ मध्ये तारखात्यात लागले. १८७४ मध्ये त्यांनी छापणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. एकाच तारेवर अनेक ऑपरेटर, पाळीपाळीने! पाच कळा ठेक्यातच दाबायच्या. ठेका चुकला की अक्षर बिघडलं. बिचारे ऑपरेटर.

त्यांची हिस्टरी म्हणजे कागदी पट्टी. ती पुसायला कमांड नव्हती. १९०३ मध्ये बोदो गेले. सीरियल पोर्टला बॉड रेट ९६०० टाकता ना, तो बॉड त्यांच्याच नावाचा.