केडगावच्या पंडिता रमाबाई

नक्षत्रे नेमल्या मार्गाने फिरतात, दिवसामागून रात्र येते. ही व्यवस्था पाहून मनुष्य म्हणतो की, हिच्यामागे कोणी जाणता कर्ता असलाच पाहिजे. परंतु मृग कोरडा जातो, विहिरी आटतात, तेव्हा तोच मनुष्य विचारतो की, त्या कर्त्याचा हेतू कोठे गेला? यवतहून दौंडकडे जाताना केडगाव लागते. हा प्रश्न जिने स्वतःच्या देहावर सोसला, ती बाई तेथे राहून गेली.

रमाबाईंचा जन्म 1858 साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत, सहकुटुंब तीर्थयात्रा करीत. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. देव प्रसन्न व्हावे म्हणून कुटुंबाने उपास केले, दाने दिली. द्रव्य सरले, अन्न मिळेना. वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी उत्तरेस निघाली. झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली, तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून दोघांनी रात्र काढली. जुना विश्वास ढळला.

1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांच्या विद्येचा गौरव केला. ब्राह्मो मंडळींच्या संगतीत सृष्टीचा कर्ता एकच, हे त्यांस पटले. परंतु जीवाला समाधान नव्हते. 1880 साली बंधू, 1882 साली पती निवर्तले. पुढल्या वर्षी त्या इंग्लंडास गेल्या. तेथे फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांस ख्रिस्ती भगिनी प्रेमाने सांभाळीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. अशी दया कोठून आली, हे शोधता त्यांस शोमरोनी स्त्रीशी बोलणारा ख्रिस्त भेटला. नक्षत्रांनी कर्ता दाखविला होता. कर्त्याचे हृदय येथे दिसले. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

1896–97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या व उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. केडगावच्या शेतात मुक्तिसदन उभे राहिले. 1900 साली गुजराथेतून आणखी शेकडो आल्या. त्या वाचावयास, विणावयास, छापखान्यात काम करावयास शिकल्या. दुष्काळ का पडला, याचा उलगडा त्या मुलींच्या हाती पडला नाही, भाकर पडली.

1921 साली एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरीही रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर तडीस नेले, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

बंधुभगिनींनो, ईयोबाच्या मित्रांनी दुःखाची कारणे सांगितली, आणि देवाने त्यांसच दोष दिला. म्हणून पाऊस चुकलेल्या शेजाऱ्यास, हे तुझ्या पापाचे फळ, असे सांगू नये. वर कोणी नाही, असेही सांगू नये. प्रथम त्याच्या दारी दाणे न्यावे. देवाचा हेतू आहे की नाही, हे तो आपल्या येण्यावरून ओळखील.