इब्नुल हैसम आणि न थांबणारी नजर

या ओळीतील एकाच अक्षरावर नजर खिळवून पाहा. तेवढे अक्षर स्पष्ट दिसेल, बाजूचे शब्द पुसट होतील. या साध्या अनुभवाचा हजार वर्षांपूर्वी खोलवर विचार करणारे विद्वान म्हणजे अबू अली अल-हसन इब्नुल हैसम. युरोप त्यांना अलहाझेन या नावाने ओळखतो.

त्यांचा जन्म इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे झाला. नाईल नदीचे पाणी आवरता येईल, असे त्यांनी म्हटल्याचे ऐकून फातिमी खलिफा अल-हाकिम यांनी त्यांना इजिप्तला बोलावले. असवानच्या पुढे जाऊन पाहणी केल्यावर ही योजना पार पडणार नाही, हे त्यांनी ओळखले. खलिफा लहरी, नकार देणे म्हणजे प्राणाशी गाठ. तेव्हा त्यांनी वेडाचे सोंग घेतले आणि १०२१ साली खलिफा नाहीसे होईपर्यंत नजरकैदेत दिवस काढले, असे जुने चरित्रकार सांगतात. पुढे अल-अझहरजवळ राहून गणिताच्या ग्रंथांच्या नकला करून ते पोट भरत.

त्यांचा ‘किताबुल मनाझिर’ सात भागांचा आहे. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात व वस्तूला भिडतात, असे युक्लिड आणि टॉलेमी मानीत. इब्नुल हैसम यांनी विचारले, मग सूर्याकडे पाहताना डोळा का दुखतो? प्रकाशच बाहेरून डोळ्यात येतो, असे त्यांनी मांडले. शिवाय डोळ्याच्या मध्यरेषेवरचा भागच नीट दिसतो. म्हणून डोळा वस्तूवरून भराभर फिरतो, तेव्हाच तिची पुरी ओळख पटते, हेही त्यांनी लिहिले.

आज आपण आणखी पुढे आलो आहोत. नजर खिळवली तरी डोळा आपल्या नकळत बारीक थरथरतो, किंचित सरकतो, मधूनच छोटा झटका घेतो. १९५० नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी युक्तीने डोळ्याच्या पडद्यावरील प्रतिमा स्थिर ठेवली, तेव्हा समोरचे चित्र काही सेकंदांतच विरून गेले! पडद्यावरील पेशींना बदल हवा असतो.

ही सूक्ष्म हालचाल इब्नुल हैसम यांना ठाऊक होती, असे कोणी व्यासपीठावरून सांगू लागल्यास मानू नका. ती मोजण्याची साधने तेव्हा नव्हती. त्यांनी स्वतः टॉलेमीच्या चुका दाखवणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि पूर्वसूरींचे लेखन तपासल्यावाचून स्वीकारू नये, असा आग्रह त्यात धरला.

१०४० च्या सुमारास कैरो येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर १५७२ साली बाझेल येथे छापले गेले.