पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका, समाजसुधारक आणि बायबलच्या मराठी अनुवादक होत्या. बालविधवा, परित्यक्ता, दुष्काळात निराधार झालेल्या आणि लैंगिक शोषणाला बळी पडलेल्या मुलींसाठी त्यांनी मुंबई, पुणे व केडगाव येथे निवासी संस्था उभारल्या. पीडित मुलीला केवळ आसरा देऊन भागत नाही. तिला शिक्षण, हाताला काम आणि स्वतःच्या आयुष्याचा निर्णय घेण्याची क्षमता मिळाली पाहिजे, या विचारावर या संस्थांची उभारणी झाली होती.

बालपण आणि भ्रमंती

रमाबाईंचा जन्म सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ येथे, आजच्या कर्नाटकात, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित होते. रमाबाईंची आई लक्ष्मीबाई विवाहसमयी नऊ वर्षांच्या, तर अनंतशास्त्री चव्वेचाळीस वर्षांचे होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये हा रूढ दंडक मोडून अनंतशास्त्रींनी पत्नीला शिकवले. त्यामुळे झालेल्या विरोधाला कंटाळून त्यांनी अरण्यात आश्रम वसवला. रमाबाईंचे पहिले शिक्षण आईकडेच झाले.

पुढे आर्थिक ओढाताणीमुळे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करू लागले. रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. त्यांच्या जवळच्या नात्यातील एका मुलीचा बालपणी झालेला विवाह अयशस्वी ठरला आणि तिला सासरी नेण्यासाठी पतीने न्यायालयात दावा लावला. निकाल तिच्या विरोधात गेला. पुढे थोड्याच काळात पटकीने तिचा मृत्यू झाला. ही मुलगी म्हणजे रमाबाईंची थोरली बहीण असावी, असे अभ्यासक मानतात. या अनुभवानंतर वडिलांनी रमाबाईंचा बालविवाह करून दिला नाही.

१८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचे निधन झाले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी उपासमार सोसत देशभर पायी प्रवास केला. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

विवाह आणि वैधव्य

१८८० मध्ये श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय व आंतरप्रांतीय असल्याने त्यावर मोठी टीका झाली. एप्रिल १८८१ मध्ये त्यांची कन्या मनोरमा हिचा जन्म झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीच्या आजाराने बिपिनबिहारींचा मृत्यू झाला. तेवीस वर्षांच्या रमाबाई तान्ह्या मुलीसह एकट्या राहिल्या.

पुण्यातील कार्य

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या. महादेव गोविंद रानडे आणि अन्य सुधारकांच्या सहकार्याने त्यांनी आर्य महिला समाजाचे काम सुरू केले. त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षक, तसेच स्त्रियांच्या उपचारांसाठी स्त्री डॉक्टर तयार करण्याची गरज त्यांनी मांडली. पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे सांगता न आल्याने स्त्रिया उपचाराविना मरतात, हा त्यांचा मुद्दा होता.

उच्चवर्णीय विधवांची स्थिती त्या काळी अत्यंत बिकट होती. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता मिळाली असली, तरी प्रत्यक्षात असे विवाह विरळ होते. केशवपन, अपुरे अन्न, घरातील अविरत कष्ट आणि अनेकदा घरातीलच पुरुषांकडून होणारे शोषण अशा परिस्थितीत लहान मुली वाढत. गर्भवती राहिलेल्या विधवांसाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तथापि अशा मुलींना दीर्घकाळ राहून शिकता येईल असे निवासी विद्यालय महाराष्ट्रात नव्हते. ते काढण्याची कल्पना रमाबाईंच्या मनात याच काळात रुजली.

इंग्लंड आणि अमेरिका

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या उद्देशाने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने हा बेत सोडावा लागला. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. नंतर चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवले व स्वतः अध्ययन केले. शोषित स्त्रियांना पुन्हा उभे करण्यासाठी इंग्लंडमधील भगिनी चालवत असलेल्या गृहांचे काम त्यांनी पाहिले. समाजाने बहिष्कृत ठरवलेल्या स्त्रियांशी आपुलकीने वागता येते, हे तेथे दिसल्याने आपण ख्रिस्ती धर्माकडे ओढले गेलो, असे त्यांनी नंतर नमूद केले आहे.

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. पुढे सुमारे तीन वर्षे त्या अमेरिकेत राहिल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. बालविवाह, सासरचा छळ आणि वैधव्य यांचे तपशीलवार वर्णन त्यात आहे. पतीकडे नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्याचाही त्यात उल्लेख आहे. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. विधवांसाठी नियोजित, कोणत्याही धर्माचा प्रचार न करणाऱ्या शाळेला दहा वर्षे आर्थिक साहाय्य करण्याचे तिने मान्य केले. अमेरिकेतील अनुभवांवरील ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे मराठी पुस्तक १८८९ मध्ये प्रकाशित झाले.

शारदा सदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्याला हलवण्यात आले. येथे विधवांचे केशवपन केले जात नसे. जातीचे नियम पाळू इच्छिणाऱ्या मुलींसाठी स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था होती आणि आपापल्या पद्धतीने पूजाअर्चा करण्याची मोकळीक होती. लेखन-वाचन, गणित व भाषा यांच्याबरोबर शिवणकाम आणि अध्यापनाचे शिक्षण दिले जाई. शिकलेल्या मुलींनी पुढे शिक्षिका किंवा परिचारिका म्हणून स्वावलंबी व्हावे, असा त्यामागील हेतू होता.

आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नातू या बालविधवा होत्या. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई (बाया) कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. कर्वे यांनी नंतर विधवांसाठी स्वतंत्र आश्रम काढला.

धर्मांतराचा वाद

रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली तेथे स्वेच्छेने बसू लागल्या. मुलींना धर्मांतरासाठी तयार केले जात असल्याचा आरोप ‘केसरी’ने केला. मुलींना कोणत्याही प्रार्थनेस मज्जाव करणे हे त्यांच्या स्वातंत्र्याला बाधक आहे, अशी भूमिका रमाबाईंनी घेतली. दुसरीकडे, पालकांनी मुली पाठवल्या त्या धर्माबाबत तटस्थ असलेल्या संस्थेत, असे सल्लागारांचे मत होते. १८९३ मध्ये रानडे, रा. गो. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. परत गेलेल्या मुलींचे शिक्षण खंडित झाले. संस्था मात्र बंद पडली नाही.

दुष्काळ आणि मुक्ती सदन

१८९५ च्या सुमारास रमाबाई यात्रेकरूच्या वेषात वृंदावनला गेल्या. आश्रयाच्या आमिषाने आणलेल्या तरुण विधवांचे तेथे होणारे शोषण त्यांनी जवळून पाहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांताचा दौरा केला. सरकारी मदत छावण्या आणि अनाथालये यांतही मुली सुरक्षित नाहीत, दलाल त्यांना विकत घेत आहेत, असे त्यांच्या निदर्शनास आले. स्वतः तरुणपणी दुष्काळात भटकलेल्या रमाबाईंनी तेथून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणल्या.

त्या वेळी पुण्यात प्लेगची साथ असल्याने नव्या मुलींना शहरात ठेवता येत नव्हते. त्यांना पुण्याच्या पूर्वेस केडगाव येथील संस्थेच्या शेतजमिनीवर तंबू व झोपड्यांत ठेवण्यात आले. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. प्लेग रुग्णालयात व विलगीकरण छावणीत तरुण स्त्रियांच्या सुरक्षिततेची हेळसांड होते, अशी तक्रारही रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून जाहीरपणे केली.

१८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि केडगाव येथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. आलेल्या अनेक मुली कुपोषित, आजारी आणि भेदरलेल्या होत्या. प्रथम अन्न, स्वच्छता व औषधोपचार, त्यानंतर शाळा आणि मग कामाचे प्रशिक्षण असा क्रम ठेवण्यात आला. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, तेलघाणा, स्वयंपाक आणि छपाई अशी कामे मुली शिकत. जुन्या मुलींकडे नव्या मुलींच्या गटाची देखभाल सोपवली जाई. त्यामुळे आश्रित म्हणून आलेली मुलगी काही वर्षांत इतरांना सांभाळणारी होत असे.

शोषित स्त्रियांसाठी कृपा सदन हा स्वतंत्र विभाग होता. वृद्ध आणि दृष्टिहीन स्त्रियांचीही वेगळी सोय होती. दृष्टिहीन मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तेथील बहुसंख्य मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

अखेरची वर्षे

मनोरमाबाई परदेशात शिकून आल्यावर शारदा सदनाच्या प्रमुख झाल्या. मराठवाड्याप्रमाणेच तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या गुलबर्गा येथेही मायलेकींनी मुलींची शाळा सुरू केली. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. त्याची छपाई संस्थेतील स्त्रियांनीच आपल्या छापखान्यात केली. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले.

मूल्यमापन आणि वारसा

धर्मांतरामुळे रमाबाईंचे नाव महाराष्ट्रातील सुधारणेच्या इतिहासात दीर्घकाळ उपेक्षित राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीवादी अभ्यासकांनी त्यांच्या लेखनाचे व कार्याचे पुनर्मूल्यांकन केले. संस्थेतील शिस्त व धार्मिक वातावरण यांमुळे मुलींच्या निवडीला मर्यादा पडत होत्या का, यावर मतभेद आहेत. सुरक्षित निवास, उपचार, शिक्षण आणि रोजगार यांची एका ठिकाणी सांगड घालणारी त्यांची रचना मात्र काळाच्या पुढची मानली जाते. बहुतेक समकालीन सुधारक विधवेच्या पुनर्विवाहावर भर देत असताना, विवाहाशिवायही स्त्री सन्मानाने जगू शकेल अशी व्यवस्था त्यांनी उभी केली.

भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगाव येथील संस्था पंडिता रमाबाई मुक्ती मिशन या नावाने निराधार स्त्रिया व मुलांसाठी आजही कार्यरत आहे.