शिरांमधल्या दारांची दिशा ओळखणारा डॉक्टर

नौपाड्यात गोखले रोडच्या दुकानांत दिवसभर गिऱ्हाइकांसमोर उभे राहणारे विक्रेते, फळ्यासमोर तासामागून तास घेणाऱ्या शिक्षिका, ठाण्याहून मुंबईपर्यंत लोकलमध्ये उभ्याने जाणारे नोकरदार. संध्याकाळी यांच्यापैकी अनेकांचे पाय जड होतात, घोटे सुजतात. काहींच्या पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगून वेड्यावाकड्या दिसू लागतात. या व्हेरिकोज व्हेन्स. रक्त नासले आहे, असे म्हणून घरोघरी त्यांचा निकाल लावला जातो. प्रत्यक्षात रक्ताचा काही दोष नसतो. बिघडलेली असते ती शिरेच्या आतली झडप. या झडपेचे खरे काम विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टराने जवळपास चारशे वर्षांपूर्वी दाखवून दिले.

हार्वेचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टन गावी झाला. केंब्रिजमध्ये शिकून तो वैद्यकासाठी इटलीतल्या पदुआ विद्यापीठात गेला. गॅलिलिओ त्या काळात तिथेच गणित शिकवत होता. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते फाब्रिसियस. शिरांच्या आत बारीक, पातळ पडद्यांच्या झडपा असतात, हे ते शवविच्छेदन करून विद्यार्थ्यांना दाखवत. रक्त एकदम हातापायांत उतरून साचू नये म्हणून या झडपा त्याचा वेग कमी करतात, असा त्यांचा समज होता. १६०२ मध्ये पदवी घेऊन हार्वे लंडनला परतला. झडपांचे कोडे मात्र त्याच्या मनात राहिले.

तेव्हाचे सारे वैद्यक गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या शिकवणीवर चालत असे. अन्नापासून यकृतात सतत नवे रक्त तयार होते, शिरांतून ते अवयवांकडे जाते आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे तिथेच जिरून जाते, असे मानले जाई. सुमारे चौदाशे वर्षे या मताला फारसा धक्का लागला नव्हता. हार्वे १६०९ मध्ये सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात डॉक्टर झाला आणि पुढे राजे पहिले जेम्स व पहिले चार्ल्स यांचा वैद्य झाला. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात तो साप, बेडूक, मासे, कुत्री अशा अनेक प्राण्यांचे हृदय न्याहाळत असे.

त्याने एक साधा हिशेब मांडला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात हजाराहून जास्त ठोके पडतात. तेवढ्या वेळात बाहेर पडणारे रक्त अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून अधिक भरते. इतके नवे रक्त अन्नातून तयार होणे शक्यच नाही. म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे.

दुसरा पुरावा त्याने माणसाच्या दंडावर दाखवला. दंडाला पट्टी बांधली की खालच्या शिरा फुगतात आणि त्यांवर जागोजागी गाठी उठतात. या गाठी म्हणजेच झडपा. बोटाने शिरेतले रक्त हृदयाच्या दिशेने सरकवले तर ते सहज जाते. उलट, हाताच्या पंजाकडे ढकलले तर ते झडपेशी अडते. शिरांमधली ही दारे एकाच बाजूला उघडतात, हृदयाच्या बाजूला. रक्ताचा वेग कमी करणे हे त्यांचे कामच नव्हते. त्याला मागे फिरू न देणे हे होते. म्हातारपणी रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाशी बोलताना, रक्ताभिसरणाची कल्पना आपल्याला या झडपांवरूनच सुचली, असे हार्वेने सांगितले होते.

१६२८ मध्ये फ्रँकफर्टहून त्याचे छोटे लॅटिन पुस्तक प्रसिद्ध झाले. दंडाच्या प्रयोगाची चित्रे त्यात होती. पुस्तकाने नाव झाले, पण धंदा बसला. डॉक्टरचे डोके फिरले आहे, अशी लोकांत कुजबुज सुरू झाली आणि रुग्ण कमी झाले. पॅरिसच्या जाँ रिओलांसारख्या नामांकित वैद्यांनी विरोध केला. १६४२ मध्ये यादवी युद्ध पेटले. हार्वे राजासोबत होता, म्हणून लंडनमधले त्याचे निवासस्थान लुटले गेले आणि अनेक वर्षांची टिपणे नष्ट झाली. या नुकसानीची खंत त्याला अखेरपर्यंत राहिली.

धमन्यांतले रक्त शिरांत नेमके कसे शिरते, हे मात्र त्याला दिसू शकले नाही. ३ जून १६५७ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. पुढे चारच वर्षांनी इटलीच्या माल्पिगीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरे झाले.

रुग्णांना या शोधाचा फायदा मिळायला आणखी बराच काळ गेला. खुद्द हार्वेही रक्त काढण्याचा जुना उपचार करतच राहिला. १८९० च्या सुमारास ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन शल्यविशारदाने हार्वेच्याच रीतीने पायाची शीर तपासली. आडवे झोपवून पाय उंच केला की शीर रिकामी होते. मांडीपाशी ती दाबून ठेवून रुग्णाला उभे करायचे आणि मग दाब सोडायचा. रक्त वरून खाली धावत आले, तर झडप निकामी आहे. ही सदोष शीर तो मांडीत बांधून टाकत असे.

आज हेच काम डॉप्लर सोनोग्राफी करते. निकामी शीर लेझरने किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने आतून बंद करता येते, किंवा औषधाचा फेस टोचून मिटवता येते. रक्त मग खोलवरच्या निरोगी शिरांतून वर जाते, त्यामुळे शीर बंद केल्याने पायाचे नुकसान होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल-निळ्या स्पायडर व्हेन्स बहुधा निरुपद्रवी असतात; त्यांच्यावरचा उपचार मुख्यतः दिसण्यासाठी असतो.

आनुवंशिकता, गरोदरपण, वाढते वय, लठ्ठपणा आणि तासन्‌तास उभे राहणे यांमुळे झडपांवर ताण येतो. चालताना पोटरीचे स्नायू शीर पिळून रक्त वर ढकलतात, म्हणून एकाच जागी उभे राहणे चालण्यापेक्षा जास्त त्रासाचे. दुकानात किंवा वर्गात अधूनमधून टाचा उचलाव्यात, चार पावले चालावे, घरी पाय उशीवर उंच ठेवावेत. घट्ट मोजे डॉक्टरांना विचारूनच वापरावेत, कारण पायाच्या धमन्या अरुंद असतील तर ते घातक ठरतात. घोट्याजवळची त्वचा काळवंडली, खाज सुटली किंवा जखम भरत नसेल, तर थांबू नये. शीर फुटून रक्त वाहिले तर आडवे व्हावे, पाय वर करावा आणि जागा दाबून धरावी. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर खोल शिरेत गुठळी झाली असण्याची शक्यता असते. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.