एका रेषेचं ॲनिमेशन करायचंय? आधी फाळक्यांच्या आगकाड्या समजून घ्या

एकाच सलग रेषेतून चालणारा, वाकणारा, चिडणारा माणूस आफ्टर इफेक्ट्समध्ये कसा बनवायचा, हे मला बरेच जण विचारतात. इटलीच्या ओस्वाल्दो कावांदोली यांचं ‘ला लिनिया’ पाहिलं असेल तर लगेच कळेल: जमीन आणि माणूस, दोन्ही एकच रेघ. टूल्स सोपे आहेत. शेप लेयर घ्या, पेन टूलने पाथ काढा, पाथला कीफ्रेम द्या आणि ट्रिम पाथ्सने रेघ पुढे सरकवा. पण दोन पोझमधलं सगळं सॉफ्टवेअरवर सोडलं की हात-पाय रबरासारखे ताणले जातात. मधल्या फ्रेम्स आपणच ठरवाव्या लागतात. हे काम आपल्याकडे सगळ्यात आधी करणाऱ्यांपैकी एक म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब.

घाटाच्या वरच्या टोकाला

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जे दिसेल ते शिकायचं, असा माणूस. प्रोफेसर केळफा या नावाने ते जादूचे प्रयोगही करायचे. ‘फाळके’ उलटं वाचा, कळेल!

मी राहतो ठाकुरवाडीला. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात या नावाच्या वाड्या बऱ्याच आहेत. इथून घाट चढला की लोणावळा. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडल्यावर फाळक्यांनी आपला छापखाना आधी तिथेच काढला आणि राजा रविवर्म्याच्या प्रेससाठी काम केलं. पुढे छापखाना दादरला गेला. भागीदारांशी पटेना, तेव्हा चाललेला धंदा सोडून ते बाहेर पडले.

वाटाण्याचा अंकुर

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात एकच खूळ शिरलं. मिळतील तितके सिनेमे पाहायचे, झोप जवळजवळ नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, तसे ते पुन्हा कामाला लागले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनला निघाले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेण्याची व्यवस्था केली आणि १ एप्रिलला परत आले.

आता सिनेमासाठी पैसे कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवून वाढेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेतली. पडद्यावर रोप भराभर वर आलं. आज आपण याला टाइमलॅप्स म्हणतो. ‘अंकुराची वाढ’ नावाची ही छोटी फिल्म पाहून नाडकर्णी यांनी कर्ज दिलं. एक छोटा डेमो, आणि काम मिळालं.

तरी पैसा कमीच पडत होता. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. शिवाय युनिटचा स्वयंपाक, फिल्मला भोकं पाडणं, फिल्म धुणं ही कामंही त्या करायच्या. ३ मे १९१३ ला कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

आगकाड्यांची मौज

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. मोठा सिनेमा अडला, म्हणून फाळके थांबले नाहीत. १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या मांडायच्या, एक फ्रेम घ्यायची, काड्या जराशा हलवायच्या, पुन्हा फ्रेम. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच आगकाड्यांवर असा प्रयोग केला होता. त्याच वर्षी रेषांतून बदलत जाणाऱ्या आकृत्यांची ‘फँटास्मागोरी’ही केली, साधारण ७०० चित्रांची.

हिशोब करून बघा. सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला ९६०. प्रीव्ह्यू नाही, अनडू नाही. फिल्म धुतल्यावरच कळणार काय झालंय ते. म्हणजे प्रत्येक काडी किती हलवायची, ते आधी डोक्यात पक्कं हवं.

पुढे ‘लंकादहन’ गाजला, १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले. ‘आगकाड्यांची मौज’ची एकही प्रत आज उरलेली नाही.

तुमच्या फोनवर

आमच्या वाडीतल्या पोरांकडे लॅपटॉप नाही, म्हणून ॲनिमेशन आपल्यासाठी नाही असं त्यांना वाटतं. हे खरं नाही. फोन पक्का टेकवून ठेवा, एक्स्पोजर लॉक करा, डोकी मोडलेल्या काड्या घ्या. सेकंदाला १२ फोटो धरले तर ५ सेकंदांना ६० फोटो. ते स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या ॲपमध्ये जोडा.

हे जमलं की रेषेकडे या. आफ्टर इफेक्ट्समध्ये पहिल्या पोझपासून शेवटच्या पोझपर्यंत पाथवरचे पॉइंट्स तेवढेच ठेवा, जशा काड्या मोजून तेवढ्याच असतात. मग मधल्या पोझ स्वतः द्या. पोस्टराइझ टाइम १२ वर ठेवलं की हाताने काढल्यासारखी चाल येते.

आणि फाइलच्या दोन कॉपी ठेवा, एक फोनबाहेर. फाळक्यांच्या काड्या आज आपल्याला बघता येत नाहीत, तुमच्या तरी राहू द्या.