पस्तीस किलोंचा हिशेब

18 जुलै 1980 रोजी श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-3 या स्वदेशी अग्निबाणाने रोहिणी हा अवघ्या 35 किलो वजनाचा उपग्रह कक्षेत सोडला. त्याच्याकडून कोणत्याही लोकोपयोगी सेवेची अपेक्षा नव्हती. आपल्याला वर नेणाऱ्या अग्निबाणाचा शेवटचा टप्पा कसा चालला, एवढेच त्याने कळवावयाचे होते. दारिद्र्याशी झगडणाऱ्या देशाने असल्या प्रयोगावर पैसा का खर्चावा, हा प्रश्न अप्रस्तुत खचितच नव्हता. त्याचे उत्तर ज्यांनी आधीच मांडून ठेवले होते, ते डॉ. विक्रम साराभाई हे उड्डाण पाहण्यास हयात नव्हते.

अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यात 12 ऑगस्ट 1919 रोजी जन्मलेले साराभाई केंब्रिजला शिकले. युद्धकाळात बंगलोरला रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. परंतु केवळ प्रयोगशाळेत रमणारा हा पिंड नव्हे. कापडगिरण्यांसाठी ‘अटिरा’ ही संशोधनसंस्था आणि 1961 मध्ये अहमदाबादची व्यवस्थापन संस्था उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. खर्च आणि फळ यांचा मेळ घालण्याची ही व्यापारी घराण्यातील सवय त्यांनी अवकाशातही नेली.

21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातील थुंबा येथून उडालेला पहिला अग्निबाण अमेरिकी होता, आणि तेथील कचेरी एका जुन्या चर्चमध्ये होती. परक्यांची मदत घेण्यात साराभाईंना कमीपणा वाटला नाही. खेडोपाडी दूरचित्रवाणी न्यावयाची तर जमिनीवर प्रक्षेपण केंद्रांची साखळी उभारण्यापेक्षा उपग्रह स्वस्त पडेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यासाठी 1969 मध्ये नासाशी करार झाला आणि 1975-76 मध्ये सुमारे 2400 खेड्यांत उसन्या उपग्रहावरून कार्यक्रम दिसले. उसनवारी मात्र वर्षभराचीच होती. मुदत संपताच पडदे कोरे पडू नयेत, तर उपग्रह आणि त्याचे वाहन दोन्ही घरचे हवेत. रोहिणीवरील खर्चाचे समर्थन या हिशेबात आहे.

1970 च्या त्यांच्या दशवार्षिक आराखड्यातील मुदती फार आशावादी होत्या, हा दोष पदरी घातलाच पाहिजे. 1966 पासून अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याचकडे होते. एका माणसाने किती ओझे वाहावे! 1971 च्या डिसेंबरात ते थुंब्याच्या भेटीवर गेले आणि 30 तारखेला कोवळम येथे झोपेतच वयाच्या 52 व्या वर्षी निवर्तले. रोहिणीला वर नेणारा अग्निबाण तेव्हा बव्हंशी कागदावरच होता.