ऑझचे बखरकार : एल. फ्रँक बॉम यांचे चरित्र आणि मालिकावाचकाचा अपेक्षाभंग

१

दीर्घ अद्भुतरम्य मालिकेचे पुढचे खंड वाचताना वाचकाच्या पदरी निराशा येते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याची स्वतंत्र मीमांसा करण्याची निकड समीक्षेला सहसा भासत नाही. लेखकाची प्रतिभा ओसरली किंवा तो द्रव्यलोभाला बळी पडला, असे दोन ठरीव निष्कर्ष तयार असतात. त्यांपैकी एकाचा आधार घेऊन विषय संपवला जातो. या दोन्ही निष्कर्षांत वाचक हा केवळ फसवला गेलेला पक्ष असतो. मालिका लांबण्यात त्याचा स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न विचारला जात नाही.

हा प्रश्न विचारण्यासाठी अमेरिकन बालसाहित्यकार लायमन फ्रँक बॉम (१८५६-१९१९) यांचे चरित्र विशेष उपयुक्त आहे. ऑझ या कल्पित देशाविषयी त्यांनी चौदा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतील पहिली १९०० मध्ये आणि शेवटची, त्यांच्या निधनानंतर, १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. यांपैकी सहाव्या पुस्तकात त्यांनी मालिका जाहीरपणे संपवली होती. ती त्यांना पुन्हा का सुरू करावी लागली आणि त्या पुनरारंभाचे स्वरूप काय होते, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

२

बॉम यांचा जन्म १५ मे १८५६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील चिटनँगो या गावी झाला. वडील बेंजामिन बॉम यांनी पेनसिल्व्हेनियातील खनिज तेलाच्या व्यवसायात संपत्ती मिळवली होती, त्यामुळे फ्रँक यांचे बालपण सिरॅक्यूजजवळच्या 'रोझ लॉन' या प्रशस्त वास्तूत गेले. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. लष्करी शिस्तीच्या शाळेत त्यांना घालण्यात आले, परंतु तेथे ते रमले नाहीत आणि सुमारे दोन वर्षांत घरी परतले. वडिलांनी घेऊन दिलेल्या छोट्या छापयंत्रावर भावाच्या साहाय्याने ते घरगुती नियतकालिक छापू लागले. लेखन, छपाई आणि वितरण यांचे एकत्रित आकर्षण तेव्हापासूनच त्यांच्या ठिकाणी दिसते.

तारुण्यात त्यांनी जातिवंत कोंबड्यांची पैदास केली. हँबर्ग जातीच्या कोंबड्यांवरील त्यांचे पुस्तक १८८६ मध्ये निघाले, आणि तेच त्यांचे पहिले पुस्तक होय. त्याआधी १८८२ मध्ये 'द मेड ऑफ अॅरन' हे संगीत नाटक लिहून त्यांनी त्यात भूमिकाही केली. त्याच वर्षी मॉड गेज यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मॉड यांच्या मातोश्री मॅटिल्डा जोस्लिन गेज या स्त्रियांच्या मताधिकार चळवळीतील अग्रणी होत्या. ऑझच्या राज्यात सत्तेची सूत्रे ओझ्मा आणि ग्लिंडा या स्त्रियांच्या हाती आहेत, याची संगती अभ्यासकांनी या कौटुंबिक सहवासाशी लावली आहे.

१८८८ मध्ये बॉम कुटुंब डकोटा प्रदेशातील अॅबरडीन येथे गेले. तेथे काढलेले 'बॉम्स बझार' हे दुकान थोड्याच काळात बुडाले. पुढे एका स्थानिक साप्ताहिकाचे संपादनही फार काळ टिकले नाही. या साप्ताहिकात १८९० च्या अखेरीस आणि १८९१ च्या आरंभी त्यांनी मूलनिवासी जमातींच्या समूळ उच्छेदाचा पुरस्कार करणारे अग्रलेख लिहिले. मुलांसाठी निर्भय आणि प्रेमळ जग रचणाऱ्या या लेखकाच्या चरित्रावरील हा डाग चरित्रकाराला झाकता येत नाही.

१८९१ मध्ये ते शिकागोला आले आणि चिनी मातीच्या भांड्यांचे फिरते विक्रेते झाले. १८९७ मध्ये दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्याच्या कलेवरील मासिक त्यांनी सुरू केले. त्याच वर्षी त्यांचे पहिले बालपुस्तकही प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते. नट, दुकानदार, संपादक आणि विक्रेता या सर्व भूमिकांत ते गिऱ्हाइकासमोर उभे होते. गिऱ्हाइकाला काय हवे हे ओळखण्याची सवय त्यांच्या लेखनवृत्तीत मुरलेली होती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

३

१९०० मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांच्या चित्रांसह 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' प्रसिद्ध झाले. कॅन्ससच्या रुक्ष माळरानावरील डोरोथी ही मुलगी वावटळीने एका अद्भुत देशात फेकली जाते. बुजगावणे, टिनचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह यांच्या सोबतीने ती घरी परतण्याचा मार्ग शोधते. ही कथा स्वयंपूर्ण आहे. डोरोथी घरी परतते, तिच्या सोबत्यांना हवे ते मिळते आणि जादूगाराचे ढोंग उघडे पडते. उत्तरभागासाठी कोणताही धागा मुद्दाम मोकळा ठेवलेला नाही. मालिकेचा संकल्पच या आरंभामागे नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसऱ्या पुस्तकाची प्रेरणा रंगभूमीकडून आली. १९०२ मध्ये शिकागोत रंगमंचावर आलेले 'विझर्ड'चे संगीत रूपांतर पुढील वर्षी ब्रॉडवेवर गेले आणि कमालीचे लोकप्रिय झाले. त्यात बुजगावणे आणि लाकूडतोड्या या विनोदी जोडीचा मोठा वाटा होता. १९०४ च्या 'द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ' या पुस्तकात ही जोडी आहे, डोरोथी मात्र नाही. त्यावर आधारलेले नाटक १९०५ मध्ये कोसळले. बालवाचकांच्या पत्रांतून डोरोथीची मागणी होऊ लागली आणि 'ओझ्मा ऑफ ऑझ' (१९०७) मध्ये ती परतली. पुढच्या पुस्तकात जादूगार परतला, त्याच्या पुढच्यात टोटो हा कुत्रा परतला. प्रत्येक पुस्तकाच्या प्रस्तावनेत बॉम बालवाचकांच्या पत्रांचा कृतज्ञतेने उल्लेख करतात आणि त्यांच्या सूचना स्वीकारल्याचे सांगतात. लेखक आणि वाचक यांच्यातील हा व्यवहार वरकरणी लोभसवाणा आहे, परंतु त्यात निर्मितीचा पुढाकार हळूहळू लेखकाकडून वाचकाकडे सरकलेला दिसतो.

याच काळात बॉम ऑझच्या बाहेर पडू पाहत होते. 'द लाइफ अँड अॅडव्हेंचर्स ऑफ सांताक्लॉज' (१९०२) आणि 'क्वीन झिक्सी ऑफ इक्स' (१९०५) ही त्यांची स्वतंत्र पुस्तके रचनेच्या दृष्टीने ऑझच्या अनेक खंडांहून अधिक बांधेसूद आहेत. वाचकांची पत्रे मात्र ऑझचीच मागणी करीत राहिली.

४

'डोरोथी अँड द विझर्ड इन ऑझ' (१९०८) आणि 'द रोड टू ऑझ' (१९०९) या दोन पुस्तकांत थकवा स्पष्ट जाणवतो. दुसऱ्यात तर संघर्ष जवळजवळ नाहीच. प्रवास करीत पात्रे ओझ्माच्या वाढदिवसाला पोहोचतात आणि तेथे सांताक्लॉज, राणी झिक्सी इत्यादी बॉम यांच्या इतर पुस्तकांतील पात्रे पाहुणे म्हणून उपस्थित असतात. आपल्या उपेक्षित पुस्तकांकडे वाचकांना वळवण्याची ही विक्रेत्याची युक्ती होती, असे म्हणता येईल.

वाचकांच्या तक्रारींचा विचार करताना त्यांचे तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिली तक्रार विसंगतीची. १९०४ च्या पुस्तकात जादूगाराने बालराजकन्या ओझ्माला चेटकिणीच्या स्वाधीन केलेले आहे, तर १९०८ च्या पुस्तकात हा दोष चेटकिणीवर ढकलून त्याला निर्दोष ठरवले आहे. पहिल्या पुस्तकात लाकूडतोड्या कुऱ्हाडीने चाळीस लांडगे मारतो, पुढे मात्र ऑझमध्ये कोणी मरतच नाही. दुसरी तक्रार पुनरुक्तीची. 'टिक-टॉक ऑफ ऑझ' (१९१४) मध्ये वादळात सापडलेली मुलगी, तिच्याबरोबरचा प्राणी आणि भूगर्भातील नोम राजा ही 'ओझ्मा ऑफ ऑझ'चीच मांडणी पुन्हा येते. तिसरी तक्रार ताण हरपल्याची. मृत्यू, दारिद्र्य आणि वार्धक्य ज्या देशातून हद्दपार झाले, तेथे संकटाला धार उरत नाही.

या तिन्ही दोषांची मुळे मात्र एकाच ठिकाणी सापडतात. जादूगार वाचकांचा लाडका होता, म्हणून त्याचा अपराध पुसला गेला, असा तर्क करता येतो. आवडते प्रसंग पुन्हा हवे होते, म्हणून ते पुन्हा आले. आवडत्या पात्रांना कायमचे सुरक्षित पाहायचे होते, म्हणून तो देश निर्धोक झाला. वाचकाच्या प्रेमाने जे मागितले, तेच त्याच्या निराशेचे कारण ठरले.

१९१० च्या 'द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ'मध्ये बॉम यांनी निरोप घेतला. हेन्रीकाकांचे शेत गहाण पडते, म्हणून डोरोथी काका-काकूंना कायमचे ऑझमध्ये घेऊन येते. नोम राजाचे सैन्य भुयारातून चालून येते आणि विस्मृतीचे पाणी पिऊन आपला हेतूच विसरून जाते. अखेर ग्लिंडा जादूने सारा देश बाह्य जगाला अदृश्य करते, त्यामुळे बखरकाराला तेथील वार्ता मिळण्याचा मार्ग बंद होतो. कर्ज, आक्रमण आणि विस्मरण यांची ही गुंफण लेखकाच्या तत्कालीन अवस्थेशी ताडून पाहण्याजोगी आहे. १९०८ मध्ये रंगवलेल्या चित्रफिती आणि प्रत्यक्ष निवेदन यांचा मेळ घालणारा खर्चिक प्रयोग घेऊन त्यांनी दौरा केला होता. त्यातील तोट्याने ते कर्जात बुडाले होते. १९११ मध्ये त्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. पहिल्या पुस्तकाचे उत्पन्नही धनकोंकडे वळले.

५

१९१० मध्येच बॉम हॉलिवूड येथे स्थायिक झाले. तेथील घराला त्यांनी 'ऑझकॉट' असे नाव दिले. 'द सी फेअरीज' (१९११) आणि 'स्काय आयलंड' (१९१२) या पुस्तकांतून ट्रॉट ही मुलगी आणि कॅप्टन बिल हा वृद्ध खलाशी यांची नवी मालिका त्यांनी आरंभली. 'स्काय आयलंड' ही त्यांच्या उत्तम कृतींपैकी एक मानली जाते. तरीही ऑझच्या तुलनेत या पुस्तकांना मागणी कमी राहिली. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी ऑझ मालिकेतील दोन पात्रे आणून पाहिली, त्याचाही फारसा उपयोग झाला नाही. १९१३ मध्ये 'द पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ' आले. अदृश्य देशाशी बिनतारी संदेशयंत्रणेने संपर्क साधता येईल, ही कल्पना एका बालवाचकाने सुचवल्याचे बॉम यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. लेखकाने लावलेले दार उघडण्याची किल्ली वाचकानेच पुरवली, असे हे विलक्षण उदाहरण आहे.

त्यानंतर दरवर्षी एक ऑझपुस्तक हा नेम झाला. ट्रॉट आणि कॅप्टन बिल यांना १९१५ मध्ये ऑझमध्येच आणून वसवण्यात आले. 'रिंकिटिंक इन ऑझ' (१९१६) हे मुळात १९०५ च्या सुमारास लिहिलेले स्वतंत्र हस्तलिखित होते. त्याच्या अखेरीस डोरोथीला आणून ते मालिकेत बसवले गेले. उत्कर्षबिंदूला राजपुत्राने स्वबळावर करावयाची सुटका बाहेरून आलेली डोरोथी करते, आणि कथा मोडते. हा सांधा वाचकाला खटकतो, आणि तो खटकणे रास्त आहे.

परंतु उत्तरखंड म्हणजे केवळ उतरण, असेही म्हणता येत नाही. 'द लॉस्ट प्रिन्सेस ऑफ ऑझ' (१९१७) ची शोधकथा चांगली बांधलेली आहे. 'द टिन वुडमन ऑफ ऑझ' (१९१८) तर या विवेचनाच्या दृष्टीने मालिकेतील सर्वांत अर्थगर्भ पुस्तक आहे. शापित कुऱ्हाडीने एकेक अवयव तुटून त्या जागी टिनचा अवयव बसवला गेलेला लाकूडतोड्या आपल्या जुन्या प्रेयसीला दिलेले वचन पाळण्यासाठी निघतो. वाटेत एका कपाटात त्याला स्वतःचे मूळ मस्तक भेटते. दोघांचे मुळीच पटत नाही. प्रेयसी सापडते, तेव्हा तिने टिनच्या दोन माणसांच्या जुन्या अवयवांतून जोडलेल्या एका पुरुषाशी संसार मांडलेला असतो आणि जुन्या वचनाची तिला गरज उरलेली नसते. खंडाखंडाने बदलत गेलेली मालिका मूळची तीच राहते काय, आणि पहिल्या प्रेमाकडे परतणाऱ्याला ते तसेच भेटते काय, हे मालिकावाचकाचे दोन्ही प्रश्न येथे कथारूप झाले आहेत. बॉम यांनी ते जाणीवपूर्वक केले, असा दावा करण्याचे कारण नाही. अठरा वर्षे एका पात्राबरोबर काढलेल्या लेखकाला हे प्रश्न टाळता आले नाहीत, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

१९१८ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ते बहुतांशी अंथरुणाला खिळले. शस्त्रक्रियेपूर्वीच पुढील दोन ऑझपुस्तकांची हस्तलिखिते त्यांनी सुरक्षित ठेवली होती. ६ मे १९१९ रोजी, त्रेसष्टाव्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी, त्यांचे निधन झाले. 'द मॅजिक ऑफ ऑझ' त्याच वर्षी आणि 'ग्लिंडा ऑफ ऑझ' १९२० मध्ये आले.

६

१९२१ मध्ये प्रकाशकांनी 'द रॉयल बुक ऑफ ऑझ' बॉम यांच्या नावाने काढले. त्यांच्या टिपणांवरून ते सिद्ध केल्याचा निर्देश त्यात होता. वस्तुतः ते संपूर्णपणे रूथ प्लम्ली थॉम्प्सन यांनी लिहिले होते. थॉम्प्सन यांनी १९३९ पर्यंत एकोणीस ऑझपुस्तके लिहिली, आणि त्यानंतर चित्रकार जॉन आर. नील यांनी आणखी तीन. जिवंत लेखकाला मालिका थांबवता आली नव्हती. त्याच्या मृत्यूनेही ती थांबली नाही.

बॉम यांच्या चरित्रावरून सर्व मालिकालेखकांविषयी नियम काढणे घाईचे होईल. कर्ज नसते तर ते १९१३ मध्ये परतले असते काय, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. द्रव्याची गरज हे कारण खरेच आहे. परंतु ती गरज ऑझनेच भागावी आणि 'स्काय आयलंड'ने भागू नये, हा निर्णय वाचकांचा होता. म्हणून उत्तरखंडांवरील नाराजीची नोंद घेताना अभ्यासकाने एक प्रश्न आवर्जून विचारावा : त्याच काळात त्या लेखकाने मालिकेबाहेर काय लिहिले, आणि ते कोणी वाचले? बॉम यांच्या बाबतीत याचे उत्तर वाचकाला फारसे सुखावणारे नाही. ज्या ताजेपणाच्या अभावाची तक्रार तो करीत होता, तो ताजेपणा शेजारच्याच पुस्तकात होता. त्यावर ऑझचे नाव नव्हते, एवढाच त्याचा दोष.